निकाहानंतरच्या नट्या

आमच्या टीव्हीखालच्या फळीवर आमच्या खानदानातली लग्नं ओळीनं उभी असायची. शमा खालाचं लग्न, मुनीर चाचाचं लग्न, अम्माच्या मामेबहिणीचं लग्न, शिवाय ज्यांना आम्ही उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं अशा कुणाकुणाची लग्नं. सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये त्या वेळी कोकणातली जी थोडीफार बायकामुलं असलेली घरं होती, त्या प्रत्येक घरात अशी फळी होती. रजेवरून येणारा माणूस सामानात कोकम, सुकट, पापड आणि निदान एक लग्न घेऊन यायचाच. विमानतळावर कॅसेट तपासायला ठेवून घेत, सुरुवातीची थोडी चालवून बघत, आणि हळद लावून घेणारी नवरी, सेहरा बांधलेला नवरा, डेगीभोवती उभे असलेले चाचे-मामे दिसले की कंटाळून परत देत. मग आमच्या लोकांनी शक्कल काढली. लग्न तासाभरात उरकायचं आणि उरलेल्या फितीवर सिनेमा भरून घ्यायचा. नवरीची पाठवणी झाली, मोटारीचं दार लागलं, की पडद्यावर क्षणभर मुंग्या यायच्या आणि सिनेमा सुरू. इतरांच्या लग्नांमागे हिंदी सिनेमे असत. आमच्या लग्नांमागे काळ्यापांढऱ्या इंग्रजी सिनेमांतल्या गोऱ्या बायका असत, कारण माझ्या अम्माला त्यांचं वेड होतं.

हे वेड तिला लावलं तिच्या मामूंनी. मामू बोटीवर नोकरीला होते. प्रवाशांनी टाकून दिलेली सिनेमाची मासिकं ते गोळा करायचे आणि वर्षाकाठी घरी आले की खाडीकाठच्या पडवीत बसून भाचीला त्यातली चित्रं दाखवायचे. अम्माला इंग्रजी वाचता येत नव्हतं. नट्यांची नावं तर तिच्या जिभेवर बसायचीच नाहीत. त्यामुळे नटी होण्याआधी कोण काय करत होती, त्यावरून तिनं नावं पाडली होती. हातमोजेवाली ही मोठ्या दुकानात हातमोजे विकायची, एकदा एक बाई मोजे घ्यायला आली ती हिलाच उचलून स्टुडिओत घेऊन गेली. टेलिफोनवाली ही एक्सचेंजवर तारा जोडायची, तिचा आवाज ऐकून कुणी साहेब तिला शोधत आला. कोंबडीवाली शेतावर कोंबड्यांना दाणे टाकत मोठी झाली, आणि तिच्या पहिल्या सिनेमात तिच्या वाट्याला एकच वाक्य होतं, तेही कात्रीत गेलं. दातवालीचे पुढचे दात स्टुडिओनं बदलून घेतले, केस बदलले, भुवया बदलल्या, शेवटी नावही बदललं. "तिच्या आवशीनं तरी वळखली असंल का तिला?" असं अम्मा दर वेळी विचारायची, आणि भाकरी थापता थापता खरोखरच काळजीत पडायची.

पण तिची लाडकी होती पाणीवाली. ही खेड्यातून आलेली, शिंपिणीची मुलगी. पहिल्याच दिवशी तिला पाण्यानं भरलेला पेला घेऊन जिना उतरायचा होता. हात असा थरथरायला लागला की पाणी सगळ्या पायऱ्यांवर. दिग्दर्शक ओरडला नाही. त्यानं पेला अर्धा रिकामा करायला लावला आणि म्हणाला, आता खुशाल थरथर. लोकांनी पुढे त्या थरथरण्याला अभिनय म्हटलं. अम्मा ही गोष्ट सांगताना हातातलं उलथनं थरथरवून दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "भ्याली, पण उतरली ना जिना?" आता हातात फोन आहे, वेळ आहे, मी यातलं बरंच शोधून पाहिलं. निम्म्याअधिक गोष्टींचा मागमूस नाही. काही दोन-तीन नट्यांच्या आयुष्यांतून उचलून एकीला चिकटवलेल्या निघाल्या. बोटीवर महिनोन् महिने पाणीच पाणी बघणाऱ्या माणसानं भाचीसाठी काय काय रचलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. माझ्यासाठी मात्र पाणीवाली खरी आहे, आणि त्यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

आम्ही हे सिनेमे बघायचो ते पडदे ओढून, दाराला आतून कडी घालून, आवाज इतका कमी ठेवून की खालच्या बेकरीतल्या फावड्याचा आवाज त्याहून मोठा यायचा. खमीस उंचावरचं गाव. हिवाळ्यात धुकं थेट खिडकीत येऊन बसायचं. त्या धुक्यात रस्त्यावर एखादी मोठी गाडी हळू झाली की अम्मा उठून टीव्हीचं बटण दाबायची आणि आम्ही अंधारात एकमेकींचा श्वास ऐकत बसायचो. उगीच भीती नव्हती ती. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका ड्रायव्हरकडे नको त्या कॅसेटी सापडल्या होत्या. तो सकाळी कामाला गेला, तो थेट विमानात बसवला गेला. त्याची चहाची किटली कित्येक दिवस खिडकीत तशीच दिसायची. शाळेत जाता-येता मी त्या खिडकीकडे बघायचं टाळायची, आणि टाळायचं म्हणून नेमकी बघायची.

अब्बा सुतार. अरबी बैठकी बनवायचे, म्हणजे भिंतीलगतच्या लाकडी चौकटी, त्यावरच्या गाद्या, तक्के, लोड. वर्कशॉप कफीलचं, अबू सालेहचं; त्याच्या बायकोला सगळे उम्म सालेह म्हणत. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला राहण्याचा परवाना, इकामा, ज्याच्या सहीशिवाय नोकरी नाही, घर नाही, गावी जाणं नाही आणि राहणंही नाही. आमचा कफील भला माणूस होता. शेकडो माणसं कॅम्पात एकेकटी दिवस काढत असताना त्यानं धावपळ करून अब्बांना बायको-मुलगी आणायची परवानगी मिळवून दिली होती. पण भला होता तसा कडकही होता. मागे एका कामगाराच्या खोलीत त्याला नटीचं चित्र दिसलं, तर ते त्यानं स्वतःच्या हातानं फाडलं होतं आणि माणसाला पुढच्याच महिन्यात घरी पाठवलं होतं. अब्बा त्याचं नाव घेताना बसलेले असले तरी पाठ ताठ करायचे.

तर त्या गुरुवारी अब्बा दुपारी घरी आले ते खुशीत. अम्मानं आमसूल घालून माशाचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या टोपलीत होत्या. अब्बांनी हात धुतले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "आज मुनीरचं लग्न कफीलच्या घरी पोचवलं."

"काय पोचवलं?" अम्मानं विचारलं.

"अगो, कॅसेट. उम्म सालेहला आपल्याकडचं लग्न बघायचंय, नवरी कशी नटवतात ते. कफील सकाळी बोलला. मी घरी येऊन घेऊन गेलो, तू खाली बेकरीत होतीस." मग हसून म्हणाले, "म्हटलं, बघू दे आमचा मुनीर शेरवानीत कसा दिसतो."

अम्माच्या हातातली पळी कालवणातच राहिली. "मुनीरच्या लग्नामागं पाणीवाली हाय," ती म्हणाली.

अब्बांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. स्वतःच ती कॅसेट भरून आणली होती त्यांनी. पण धाकट्या भावाचं लग्न दाखवायच्या हौसेपुढे माणूस विसरला. इतकी वर्षं त्या कॅसेटला आम्ही मुनीरचं लग्नच म्हणत आलो होतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. घास गिळेपर्यंत त्यांचा रंग उतरला.

"लग्न संपलं की बंद करतील की," ते शेवटी म्हणाले.

"बंद करायला वेळ कुठं देते ती? मोटारीचं दार लागतं न लागतं तर ती जिन्यावर उभी, खांदे उघडे टाकून. आणि शेवटी काय हाय ते मी पोरीसमोर बोलायची नाय."

शेवटी काय आहे ते पोरीला चांगलं ठाऊक होतं. पोरीनं तो सिनेमा कितीदा तरी पाहिला होता. शेवटी पाणीवाली एका पुरुषाचं चुंबन घेते, आणि बराच वेळ घेते. भाकरी कोरडी झाली, कालवणावर साय धरली. मला आठवतं, माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती खिडकीतली किटली. आमचं काय राहील खिडकीत, असा विचार मी करत होते. अम्मानं वाळत घातलेली माझी शाळेची ओढणी, बहुतेक.

अब्बा उठले आणि फळीवरच्या सगळ्या कॅसेटी गोणत्यात भरायला लागले. अम्मा म्हणाली, "अवो, थांबा जरा." ते थांबले नाहीत. त्यांचं म्हणणं खरं होतं. एक सापडली तर चूक झाली म्हणता येईल, पण घर तपासायला आले आणि ही रांग दिसली तर खलास. जाळाव्या तर धूर आणि वास. कचऱ्यात टाकाव्या तर उद्या कुणी उचलून बघायचा. शेवटी शुक्रवारी सकाळी, नमाजच्या आधी, वर्कशॉप बंद असताना आम्ही तिघं तिथे गेलो. अब्बांनी बाहेरचं शटर अर्धं खाली ओढलं, स्क्रू काढून एकेक कॅसेट उघडली आणि आतली फीत ओढून काढायला सुरुवात केली. तपकिरी फितीचा ढीग लाकडाच्या भुशावर वाढत गेला. एवढ्याशा डबीत इतकं काही मावतं हे मला तेव्हा कळलं. अम्मा उकिडवी बसून प्रत्येक डबीवरचं नाव मला वाचायला लावायची आणि पुटपुटायची, "शमा. म्हंजे हातमोजेवाली गेली. मामेबहीण, ती टेलिफोनवाली." मध्येच मशिदीच्या भोंग्यावर खरखर झाली आणि अब्बांच्या हातातून पेचकस पडला. तिघंही जागच्या जागी थिजलो. भोंग्यावर नुसतं कुणी खाकरत होतं.

ढिगाचं करायचं काय, हा प्रश्न अब्बांनी सुतारासारखाच सोडवला. एका ऑर्डरच्या गाद्या शिवायच्या राहिल्या होत्या, कापसानं भरलेल्या, तोंडं उघडी. अब्बांनी फितीचे गोळे केले आणि गाद्यांच्या पोटात, कापसाच्या मधोमध, खोल कोंबले. मग दाभण घेऊन तोंडं शिवली. इतके घट्ट टाके त्यांनी जन्मात कधी घातले नसतील. आम्ही उठलो तेव्हा रिकाम्या डब्या मोडून भुशाच्या पोत्यात गेल्या होत्या आणि भिंतीला टेकून नव्याकोऱ्या लाल गाद्या उभ्या होत्या. कोणाच्या आहेत त्या, असं मी विचारलं. अब्बा म्हणाले, कोणाच्या का असेनात, आपल्या नाहीत ना.

शनिवारी दुपारी कफीलचा ड्रायव्हर दारात आला. उम्म सालेहनं बायकांना बोलावलंय, म्हणाला, आत्ता. अब्बांनी विचारलं, कफील घरी आहेत का. तो म्हणाला, मला माहीत नाही. अम्मानं अबाया घातला आणि जाता जाता गॅस बंद आहे की नाही ते दोनदा पाहिलं. मला बरोबर जायलाच लागणार होतं, कारण आम्हा दोघींत अरबी मलाच येत होती, शेजारच्या मुलींबरोबर खेळून आलेली. म्हणजे जे काय बोललं जाईल ते माझ्या तोंडून अम्मापर्यंत जाणार होतं. तुम्हाला खुरूज दिलाय, कायमचं जा, पुन्हा परतू नका, हे मी अम्माला कोणत्या शब्दांत सांगायचं याची मी गाडीत बसून तयारी करत होते. मागे आमच्या पिकअपमध्ये अब्बा येत होते. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, तरी येत होते.

बायकांच्या खोलीत उम्म सालेह होती, तिची म्हातारी सासू होती आणि तिची मुलगी नूरा, माझ्याच वयाची. दार लावलेलं. टीव्हीवर जाळीदार कापड टाकलेलं. उम्म सालेहनं सलाम केला, पण हसली नाही. चोचदार दल्ल्यातून गहवा, त्यांची ती वेलचीची कॉफी, ओतला आणि अम्माच्या हातात चिमुकला फिंजान दिला. अम्माचा हात थरथरायला लागला. मी बघत होते, आता सांडणार, त्या गालिचावर सांडणार. पण अरबांत फिंजान कधी काठोकाठ भरत नाहीत, तळाशी घोट-दोन घोटच असतो. तो नुसता आतल्या आत हिंदकळत राहिला. अम्मानंही ते पाहिलं. मान वर करून तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला कळलं, तिला जिना आठवला.

"अबू सालेह रियाधला गेलाय," उम्म सालेह हळू आवाजात म्हणाली. "त्याला यातलं काही कळता कामा नये. तू कुठे बोललीस का? तुझा नवरा बोलला का?"

मी अम्माला सांगितलं. अम्माला समजेना. मलाही समजलं नव्हतं. मग मी उम्म सालेहच्या हाताकडे पाहिलं. दल्ल्याच्या दांडीवर तिची बोटं पांढरी पडली होती. तीही घाबरली होती. घरात तीन बायकांनी दार लावून ती कॅसेट शेवटपर्यंत पाहिली होती, आणि आता ही कामगाराची बायको बाहेर काय बोलेल याची तिला धास्ती होती. आमचं नशीब तिच्या तोंडात आणि तिचं आमच्या.

"नाय बोललो म्हणाव," अम्मा म्हणाली. "आणि नाय बोलायचो."

मी ते अरबीत सांगितलं. खोलीतला ताण जरा सैल झाला. मग आतापर्यंत तसबीहचे मणी ओढत बसलेली म्हातारी पुढे सरकली आणि तिनं विचारलं, "ती जिन्यावरची मुलगी. ती कोणाची कोण? लग्नाला आली होती ना?"

नूरा तोंडावर हात धरून हसली. उम्म सालेह सासूला म्हणाली, "ती नटी आहे." म्हातारीला ते पटलं नाही. "नटी झाली असेल नंतर. आधी कोण होती?"

झालं. अम्माला याहून जास्त काय हवं होतं? तिनं फिंजान खाली ठेवला आणि सुरुवात केली. शिंपिणीची मुलगी, खेड्यातून आलेली, पहिला दिवस, पाण्याचा पेला. मी अरबी करत होते. जिथे शब्द अडायचा तिथे अम्मा हातानं करून दाखवायची. दिग्दर्शकानं पेला अर्धा केला, तिथे उम्म सालेहनं आपल्या हातातल्या फिंजानकडे पाहिलं. म्हातारीनं विचारलं, हिच्या बापानं जाऊ दिलं? अम्मा जरा थांबली. मामूंनी हे कधी सांगितलेलं नव्हतं. मग ती म्हणाली, "बाप नव्हता. आयेनं पाठवली. आये भीत व्हती, पण पाठवली." हे तिनं तिथल्या तिथे रचलं होतं, आणि मी ते जसंच्या तसं अरबीत सांगितलं. नूरानं हसणं थांबवलं आणि आपल्या आईकडे पाहिलं.

निघताना उम्म सालेहनं कॅसेट परत दिली नाही. उलट म्हणाली, "आणखी आहेत ना तुमच्याकडे? एकेक पाठवत जा."

मी हे सांगितल्यावर अम्मा बराच वेळ चपलेचा पट्टा शोधत राहिली. मग म्हणाली, "नाय म्हणाव. संपल्या."

बाहेर पिकअपमध्ये अब्बा स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते, इंजिन चालू ठेवून. कुठे पळणार होते कोण जाणे. अम्मा आत बसली आणि म्हणाली, "काय नाय झालं. तिला आवडला." अब्बांनी डोकं स्टिअरिंगवर टेकलं. खांदे हलायला लागले तेव्हा मला आधी वाटलं हसतायत. अम्मानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्या मागितल्यात ही गोष्ट तिनं त्या दिवशी सांगितली नाही. घरी आल्यावर ती रिकाम्या फळीसमोर उभी राहिली, ओल्या फडक्यानं तिनं फळी पुसली आणि त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. मला वाटत होतं, तिला अब्बांचा राग येईल. आला नाही. भीतीनं केलेल्या कामाचा राग कुणावर काढायचा असतो, हे मला आजही नीट कळलेलं नाही.

त्या लाल गाद्या कोणाच्या ते लवकरच कळलं. कफीलनं घरच्यांना न सांगता बायकांच्या खोलीसाठी करायला टाकल्या होत्या. आम्ही पुढच्या ईदला शेवया घेऊन गेलो तर त्या तिथे भिंतीलगत मांडलेल्या. मी बसले आणि खालून बारीक सळसळ ऐकू आली, वाळक्या पाचोळ्यावर पाय पडावा तशी. अम्मा बसली, पुन्हा सळसळ. आम्ही दोघी इतक्या ताठ बसलो की म्हातारीनं विचारलं, तुमच्या पाठीत काही आहे का.

आणि मग एके दिवशी अब्बा वर्कशॉपमधून आले ते दारातच बसले. कफील म्हणाला होता, गाद्या वाजतात, उंदीर शिरला की काय बघ, उद्या घरी येऊन माझ्यासमोर सगळ्या उसव. इतके दिवस मिटलेली भीती पुन्हा तशीच्या तशी उभी राहिली, उलट या वेळी वाट कुठूनच नव्हती. गादी उसवली की फीत बाहेर, कफील समोर उभा. अम्मानं मिनिटभर विचार केला आणि अबाया उचलला. "चल," मला म्हणाली. अब्बांनी विचारलं, कुठे? ती म्हणाली, "जिना उतराया."

उम्म सालेह एकटीच होती. अम्मा बसली नाही. उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं, गुरुवारपासून ते टाक्यांपर्यंत, आणि मी अरबी करत गेले. आपणच जाऊन आपली मान सुरीखाली देतोय असं मला वाटत होतं. तिनं नवऱ्याला एक हाक मारली असती तर आमचा इकामा संपलाच होता. उम्म सालेहनं सगळं ऐकून घेतलं. मग गाद्यांच्या रांगेकडे बघत राहिली.

"सगळ्या यात आहेत?" तिनं विचारलं.

"सगळ्या," अम्मा म्हणाली.

उम्म सालेहनं मुलीला हाक मारली आणि सांगितलं, "नूरा, बाबांना जाऊन सांग, गाद्या उघडायच्या नाहीत. मला तो आवाज आवडतो. आजीलाही आवडतो."

नूरा गेली. आम्ही तिघी कान देऊन उभ्या. पुरुषांच्या बाजूला बोलण्याचा आवाज आला, मग अबू सालेहचं हसणं आलं आणि दार लागलं. अम्मानं तिथेच गालिचावर बसकण मारली.

उम्म सालेहनं गहवा ओतला, अर्धा फिंजान. मग जवळच्या गादीवर बसता बसता थांबली, हातानं ती दाबून पाहिली. सळसळ झाली.

"हिच्यात कोण?" तिनं विचारलं.

अम्मानं डोळे बारीक करून टाका ओळखायचा प्रयत्न केला. "टेलिफोनवाली," ती म्हणाली.

उम्म सालेह जरा बाजूला सरकली आणि कडेला बसली.